रीत ठरावाने नव्हे, पाळीने बदलते



वार्षिक सर्वसाधारण सभेचा दिवस डोळ्यांपुढे आणा. मांडव भरलेला असतो. विषयपत्रिका वाचली जाते. "उसाचे पाचट कोणीही जाळू नये, असा ठराव मांडण्यात येत आहे." मागच्या रांगेतून आवाज उठतो, "मंजूर, मंजूर!" हात वर होतात, टाळ्या पडतात, जेवणे होतात आणि मंडळी आपापल्या गावी जातात. पुढे फेब्रुवारी-मार्चमध्ये संध्याकाळच्या वेळी मोसम-गिरणेच्या काठाने एखादी चक्कर मारावी, तर दोन्ही अंगाला धुराचे लोट. हात वर करणारे आपणच आणि काडी ओढणारेही आपणच!

यात कोणी खोटे बोलले असे नाही. सभेत हात वर करताना प्रत्येकाला ते मनापासूनच पटलेले असते. पण शेतात उभे राहिल्यावर माणूस ठरावाला विचारत नाही, शेजारच्या बांधाकडे बघतो. तिकडे धूर दिसला की इकडेही काडी लागते. "सगळेच करतात, मग आपण एकट्यानेच का शहाणपण दाखवायचे?" हे वाक्य तुमच्या-आमच्या तोंडी किती वेळा येते, त्याचा हिशेब करून पाहावा.

संस्था म्हणजे इमारत, यंत्रे व हिशेबाच्या वह्या एवढेच नव्हे. तिथली माणसे कोणी बघत नसताना कशी वागतात, त्याला संस्थेची रीत म्हणावे. ही रीत कशी बनते, कशी मोडते आणि चांगल्या अंगाने कशी बदलता येते, याचा विचार या लेखात करायचा आहे. त्यासाठी दूर जाण्याची गरज नाही. आपल्या पायाखालच्या पाटातच त्याचा पहिला धडा आहे.

मोसमकाठचा फड

मोसम, आरम, गिरणा आणि पलीकडे धुळ्याची पांझरा या नद्यांवर दगडी बंधारे बांधून पाटाने पाणी नेण्याची फड पद्धत आपल्याकडे तीनशे वर्षांहून अधिक काळ चालत आली. नव्या पिढीतील पुष्कळांनी तिचे नावच फक्त ऐकले असेल. म्हणून थोडक्यात सांगतो.

बंधाऱ्याखालच्या सगळ्या भिजणाऱ्या जमिनीचे तीन-चार मोठे तुकडे पाडीत. त्या प्रत्येकाला फड म्हणत. एका फडात त्या साली एकच पीक. एकात ऊस असला तर दुसऱ्यात हंगामी धान्य, तिसऱ्यात आणखी काही, आणि एखादा फड विसाव्याला. पुढच्या साली पिकांची अदलाबदल होई. कोणत्या फडात काय घ्यायचे ते सर्व शेतकरी एकत्र बसून ठरवीत. शक्यतो प्रत्येकाची थोडी थोडी जमीन प्रत्येक फडात असे. त्यामुळे उसाचा फायदा एकाला आणि कोरड्याचा तोटा दुसऱ्याला, असे होत नसे. पाणी कमी असेल त्या वर्षी एखादा फड सोडून देत, आणि तो तोटाही सर्वांच्या वाट्याला सारखा येई.

खरी गंमत पुढेच आहे. फडातला शेतकरी आपल्या शेताला स्वतः पाणी देत नसे! बारे फोडण्याचे व बंद करण्याचे काम पाटकऱ्याचे. त्याला सगळ्यांनी मिळून नेमलेले असे, आणि तो फडाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ओळीने शेते भिजवीत जाई. मालक पाटलाच्या घरचा आहे की गरीब कुणबी आहे, हे पाटकऱ्याचे फावडे बघत नसे. उभ्या पिकाची राखण जागल्या करी. या सर्वांवर देखरेख ठेवायला हवालदार असे. त्यांची मजुरी पिकातून, खळ्यावर मिळे. म्हणजे पीक चांगले आले तर त्यांचेही पोट भरे. वर्षातून एकदा पाटातला गाळ काढायला प्रत्येकाने आपल्या जमिनीच्या मानाने हजर राहायचे. जो येणार नाही त्याला दंड.

आमचे आजोबा फडातले शेतकरी. ते सांगत, "रात्री झोपताना पाण्याची चिंता नसे. पाटकरी आला की ओरडून विचारायचे, 'पानी उनं का रे भो?' तो हो म्हणाला की कूस बदलायची." शेजाऱ्याने रात्री बारे फोडले तर काय, ही धास्ती नसणे म्हणजे केवढी श्रीमंती, हे ज्यांनी बॅटरी घेऊन बांधावर रात्री जागवल्या आहेत त्यांनाच कळेल.

अमेरिकेतील विदुषी एलिनॉर ऑस्ट्रॉम यांना २००९ साली अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. जंगल, कुरण, मासेमारी आणि पाटाचे पाणी यांसारख्या सामाईक गोष्टी लोक स्वतः कशा सांभाळतात, याचा त्यांनी अनेक देशांत अभ्यास केला. जिथे हे जमले तिथे काही गोष्टी सारख्या आढळल्या. वाटेकरी कोण हे पक्के ठरलेले. नियम वापरणाऱ्यांनीच केलेले. राखण करणारा त्यांनाच जबाबदार. चुकणाऱ्याला आधी लहान दंड, पुन्हा चुकला तर मोठा. भांडण झाले तर ते तिथल्या तिथे, थोड्या खर्चात मिटवण्याची सोय. बंधूंनो, वाटेकरी, नियम, पाटकरी, दंड हे सारे आपल्या फडात पूर्वीपासूनच होते. आमच्या अडाणी म्हटल्या गेलेल्या पूर्वजांनी मोसमच्या काठी जे चालवले, त्याचे मर्म जगाने पुढे पुस्तकात मांडले.

मग फड मोडला का?

हा प्रश्न टाळून चालणार नाही. इतकी चांगली रीत होती, तर ती पुष्कळ ठिकाणी विस्कटली का?

फड मोडावा असा ठराव कोणत्याही गावाने केला नव्हता. नदीच्या वरच्या अंगाला धरणे झाली, मोसमवर हरणबारी, गिरणेवर चणकापूर. त्यामुळे नदीची वाहण्याची तऱ्हा बदलली. विहिरी खोल गेल्या, इंजिने आली, मग विजेच्या मोटारी आल्या. ज्याची स्वतःची विहीर झाली त्याला पाटकऱ्याची गरज उरली नाही. गरज उरली नाही म्हणून तो गाळ काढायला येईनासा झाला. तो येत नाही म्हणून शेजारी येईना. गाळ साचला, शेवटच्या शेतांना पाणी पोचेना, तेव्हा तिथल्या शेतकऱ्यांनीही विहीर खोदली. उसाला भाव आला तसा प्रत्येकाला आपल्या सोयीच्या वावरात, बारमाही ऊस हवासा वाटू लागला. अशी एकेक वीट निखळत गेली.

यातून एक गोष्ट शिकावी. रीत कोणी शत्रू येऊन मोडत नाही. तिच्यावाचून आपले अडत नाही असे एकेकाला वाटू लागले की ती आपोआप झिजते. आणि झिजताना आवाज होत नाही. दाभाडीचा गिरणा सहकारी साखर कारखाना बंद पडला, पुढे विकला गेला, हे कसमादे भागातल्या प्रत्येक ऊसवाल्याने पाहिले आहे. कारखाना बंद पडण्याची कारणे अनेक असतात, आणि त्यांची चर्चा करण्याची ही जागा नव्हे. पण सभासदाला कारखाना आपला वाटेनासा होणे हे कोणत्याही कारखान्याच्या आजारपणाचे पहिले लक्षण असते, एवढे म्हटल्याशिवाय राहवत नाही.

कंपनीची रीत व सहकाराची रीत

आपल्या तालुक्यातच रावळगाव आहे. वालचंद हिराचंद यांनी तिथल्या माळरानावर शेती उभी केली आणि १९३३ साली रावळगाव शुगर फार्म ही कंपनी निघाली. दगडधोंड्यांच्या जमिनीत शिस्तीने ऊस पिकवता येतो, हे त्या वेळी लोकांनी डोळ्यांनी पाहिले. पण तिथे जमीन कंपनीची, पगार कंपनीचा, हुकूमही कंपनीचा. मुकादमाने सांगितले की काम व्हायचे.

सहकारी कारखान्यात तसे होत नाही. इथे ज्याला सांगायचे तोच मालक. शेतकी खात्याचा चिटबॉय सभासदाच्या बांधावर जाऊन "असे करा" म्हणाला, तर सभासद म्हणतो, "तू कोण सांगणारा? शेअर माझा आहे." हे म्हणणे चूक आहे असेही नाही. म्हणून सहकारात रीत बदलायची तर हुकूम कामाचा नाही. माणसाने ती स्वतः उचलावी लागते.

यासाठी प्रवरेकडे पाहावे. प्रवरानगरच्या कारखान्याचा पहिला गळीत हंगाम १९५०-५१ चा. धनंजयराव गाडगीळ त्याचे पहिले अध्यक्ष होते आणि विठ्ठलराव विखे पाटील गावोगाव फिरून भागभांडवल जमवीत होते, ही हकिगत सर्वांना तोंडपाठ आहे. पण विखे पाटलांनी लोणी बुद्रुकला सहकारी पतपेढी काढली ती १९२३ साली, हे आपण विसरतो. पतपेढी आणि कारखाना यांच्यामध्ये सत्तावीस वर्षे आहेत! कर्ज घेतले तर वेळेवर फेडायचे, वही उघडी ठेवायची, चौघांत बसून निर्णय करायचा, या सवयी त्या काळात अंगी मुरल्या. सावकाराच्या दारात उभा राहणारा शेतकरी एका रात्रीत कारखान्याचा मालक झाला नाही. मालकासारखे वागायला तो आधी शिकला, मग कारखाना उभा राहिला.

शेपटाकडून सुरू झालेले पाणी

"हे सगळे जुन्या काळचे झाले. आताची माणसे तशी राहिली नाहीत," असे कोणी म्हणेल. त्यांच्यासाठी आपल्याच जिल्ह्यातील अलीकडचे उदाहरण देतो.

दिंडोरी तालुक्यात वाघाडचे धरण आहे. कालवा झाला, पण ओझरच्या बाजूच्या शेवटच्या शेतांना पाणी मिळेना. वरचे शेतकरी अडवून घेत, चाऱ्या फुटलेल्या, खात्याकडे अर्ज करून करून लोक थकलेले. कालव्याच्या शेपटाला असलेल्या माणसाची अवस्था आपल्याला नव्याने सांगायला नको. कागदावर जमीन ओलिताखाली आणि विहिरीत खडखडाट!

ओझरच्या समाज परिवर्तन केंद्राचे बापूसाहेब उपाध्ये व भरत कावळे यांनी १९९०-९१ च्या सुमारास तिथल्या शेतकऱ्यांना एकत्र करून तीन पाणी वापर संस्था उभ्या केल्या. खात्याशी करार केला तो असा की, पाणी एकरावर नको, मोजून द्या. जेवढे घनमीटर पाणी संस्थेच्या तोंडाशी येईल तेवढ्याचे पैसे संस्था भरील, आणि आत वाटप कसे करायचे ते संस्था ठरवील.

इथे फार मोठा फरक पडला. एकराच्या हिशेबात जास्त पाणी घेणारा शहाणा ठरतो. मोजलेल्या पाण्यात जास्त पाणी घेणारा सगळ्यांच्या खिशात हात घालतो, आणि ते सगळ्यांना दिसते. संस्थेने पाणी तासावर दिले. पाळीपत्रक आधी लावले. ओढ्या-नाल्यांवरच्या बंधाऱ्यांत पाणी सोडून विहिरी भरून घेतल्या आणि विहिरीला पाणी वाढते ते कालव्यामुळेच, म्हणून विहिरीवाल्यांकडूनही पट्टी घेतली. आरंभी कुरकुर झालीच असणार. विहीर आपली, मोटार आपली, मग पट्टी कसली? पण पाणी खरोखर येते, ठरल्या दिवशी येते आणि पुढाऱ्यालाही तासावरच मिळते, हे दिसू लागले की कुरकूर टिकत नाही.

पुढे वाघाडच्या सबंध लाभक्षेत्रात अशा चोवीस संस्था झाल्या आणि त्या सर्वांनी मिळून प्रकल्पाच्या पातळीवर एक संस्था स्थापन करून धरणाच्या पाण्याचा कारभार हाती घेतला. शेतकऱ्यांनी सिंचन व्यवस्थापन करावे असा कायदा राज्याने केला तो २००५ साली. म्हणजे कायदा मागून आला, रीत आधी पडली. आणि ती आली कोठून? शेपटाकडून. ज्याला सर्वात जास्त त्रास होता त्याने सुरुवात केली आणि ज्याला काही त्रास नव्हता तो शेवटी आला. आपण नेहमी उलट करतो. आधी मोठ्यांना पटवायला जातो आणि तिथेच दम संपतो.

शेजाऱ्याचे वावर हीच शाळा

आता थोडे परदेशाकडे वळू. अमेरिकेत आयोवा नावाचे मक्याचे राज्य आहे. तिथे संकरित मका १९२८ च्या सुमारास आला. रायन व ग्रॉस या दोन अभ्यासकांनी तिथल्या दोन गावांच्या परिसरातील २५९ शेतकऱ्यांच्या मुलाखती घेऊन १९४३ साली आपला अहवाल छापला. नव्या बियाण्याची पहिली बातमी बहुतेकांना बियाणे विकणाऱ्याकडून मिळाली होती. पण ते पेरायचे असे मन कोणामुळे झाले, तर शेजाऱ्यामुळे. पहिली काही वर्षे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच शेतकरी पेरीत होते. पुरेशा बांधांवर ते दिसू लागले तेव्हा एकदम लाट आली. १९४१ पर्यंत दोघे सोडून सगळे त्यावर आले होते. आणि पेरणाऱ्यांनीही पहिल्या वर्षी सगळे रान पेरले नव्हते, थोड्या तुकड्यात करून पाहिले होते.

आपल्याकडेही हेच घडले नाही काय? को ७४० ही जात कित्येक वर्षे आपल्या रानावर राज्य करीत होती. को ८६०३२ आली तेव्हा "कशाला नवीन भानगड?" म्हणणारेच जास्त होते. मग कोणा एकाने अर्धा एकर लावला. त्याचा ऊस काट्यावर गेला. वजनाची पावती पारावर हातोहात फिरली. त्या पावतीने जे काम केले ते शंभर व्याख्यानांनी झाले नसते.

त्याच आयोवा राज्यात दुसऱ्या महायुद्धाच्या काळात कुर्ट लेविन या मानसशास्त्रज्ञाने आणखी एक प्रयोग केला. युद्धामुळे मांसाची टंचाई होती. काळीज-गुरदे अशा एरवी टाकून दिल्या जाणाऱ्या भागांचा स्वयंपाकात उपयोग करा, असे गृहिणींना सांगायचे होते. काही गटांपुढे उत्तम व्याख्यान झाले. काही गटांना आपसात चर्चा करू दिली आणि शेवटी "कोण कोण करून पाहणार?" म्हणून हात वर करायला सांगितले. पुढे घरोघर चौकशी केली, तेव्हा व्याख्यान ऐकणाऱ्यांपैकी शेकडा तीन जणींनी ते शिजवले होते. चर्चा करून ठरवणाऱ्यांपैकी शेकडा बत्तीस जणींनी.

कोणी म्हणेल, हात तर आमच्या सभेतही वर होतात. फरक लक्षात घ्या. तिथे दहा-पंधरा बाया समोरासमोर बसल्या होत्या. अडचण काय, घरचे काय म्हणतील, वास कसा घालवायचा, हे सगळे बोलून झाले आणि मग प्रत्येकीने स्वतः काय करणार ते सांगितले. आपल्या सभेत हजारो माणसे "मंजूर" म्हणतात ते दुसऱ्याने काय करावे याबद्दल! ठराव मोठ्या मांडवात होत असेल, पण रीत पडते ती गावाच्या पारावर.

एक कबुली

दुसऱ्याला शहाणपण सांगण्याआधी स्वतःचे झाकलेले उघडे करावे, म्हणून ही कबुली.

पुष्कळ वर्षांपूर्वी एका हंगामात माझा ऊस तोडणीच्या क्रमाने तीन आठवडे पुढे होता. घरात लग्न, पैशाची निकड. मी ओळख काढली, एका ठिकाणी शब्द टाकला, टोळीला वरून खुशालीही दिली आणि ऊस आधी घालवला. सगळ्यांनी माझ्या हुशारीचे कौतुक केले. माझ्या बांधाला लागून ज्यांचे रान, त्या आबांची लागण माझ्या आधीची होती. ते रांगेत थांबले. त्यांच्या उसाला तुरा आला, उन्हाने वजन घटले. त्या वर्षी त्यांनी मला एक शब्दही विचारला नाही. पुढच्या हंगामात मात्र त्यांचा ऊस माझ्या आधी गेला आणि तोही क्रम सोडूनच. मी जाऊन म्हटले, "आबा, तुम्हीसुद्धा?" ते शांतपणे म्हणाले, "भाऊ, रीत तूच घालून दिली. मी फक्त पाळली."

ते वाक्य अजून टोचते. वाईट रीतही अशीच पसरते, बघून बघून.

आणि यात नुकसान एकट्या आबांचे नाही. आडसाली ऊस सोळा-अठरा महिन्यांचा, पूर्वहंगामी चौदा-पंधरा, सुरू बारा आणि खोडवा अकरा-बारा महिन्यांचा झाल्यावर पक्व होतो. क्रम मोडला की कोवळा ऊस आधी गव्हाणीत पडतो आणि पक्व झालेला रानात वाळतो. दोन्हींमुळे साखर उतारा घसरतो. आपल्याला मिळणारा उसाचा दर कारखान्याच्या सरासरी उताऱ्यावर बांधलेला असतो. म्हणजे मी वशिल्याने एक ट्रॉली आधी घातली, तर माझ्या पदरात चार पैसे पडले असतील, पण सगळ्यांच्या दरातून त्याची चिमूट गेली. माझ्यासुद्धा! लवकर तोड मिळावी म्हणून फडाला काडी लावणारे जे करतात, तेही हेच. जळीत उसाची कपात एकाच्या बिलातून होते, नुकसान सर्वांचे होते.

मग करायचे काय?

फड, लोणी, ओझर व आयोवा यांतून जे दिसते ते आपल्या घरी आणायचे, तर पुढील गोष्टींचा विचार प्रत्येक गटाने करावा असे वाटते.

१) एका हंगामात एकच गोष्ट धरावी. पाचट, तोडणीचा क्रम, ठिबक, माती परीक्षण, हे सगळे एका दमात सांगितले की काहीच होत नाही. ज्या गावाला जे जास्त टोचते ते त्याने आधी घ्यावे.

२) ते पारावर ठरवावे. दहा-पंधरा सभासद, त्यांच्या घरातील बायामाणसांसह, समोरासमोर बसावेत. अडचणी मोकळेपणाने निघू द्याव्यात. पाचट ठेवले तर पाणी पुढे सरकत नाही, उंदीर होतात, खोडवा फुटत नाही, ही शंका असेल तर ती दाबू नये. बुडखे उघडे ठेवून पाचट सरीत दाबावे, बुडखे जमिनीलगत छाटावेत, हेक्टरी सुमारे ८० किलो युरिया, १०० किलो सुपर फॉस्फेट आणि १० किलो पाचट कुजवणारे जिवाणू खत वापरावे, हे कोणी तरी तिथेच समजावून द्यावे. मग ज्याला करायचे त्याने "मी अर्धा एकर ठेवतो" असे चौघांत सांगावे. सगळे रान ठेवण्याची सक्ती नको.

३) जे ठरेल ते दिसावे. हेक्टरी आठ-दहा टन पाचट निघते. ते न जाळणाऱ्याच्या खोडव्याला किती पाण्याच्या पाळ्या वाचल्या, वजन किती भरले, हे सोसायटीच्या फळ्यावर लिहावे. तसेच गावच्या उसाची यादी, लागणीची तारीख, जात व तोडणीचा क्रम त्याच फळ्यावर लागावा. अंधारात वशिला फोफावतो. फळ्यावरचे नाव खोडून आपले वर लिहिण्याची छाती सहसा कोणाची होत नाही.

४) पाटकरी आणि जागल्या नेमावेत. गावातील दोन माणसे, सर्वांच्या विश्वासातली, त्यांनी क्रम पाळला जातो की नाही ते पाहावे. ती गटाने नेमलेली असावीत आणि गटालाच जबाबदार असावीत. चुकणाऱ्याला पहिल्या वेळी चौघांत समज, मग लहान दंड. एकदम मोठी शिक्षा ठरवली की ती कोणीच अमलात आणीत नाही, आणि न पाळलेला नियम हा नियम नसण्यापेक्षा वाईट.

५) मोठ्यांनी आधी रांगेत उभे राहावे. संचालक असो, सरपंच असो, की कारखान्यातील नोकरदार सभासद असो, त्यांचा ऊस यादीतल्या तारखेलाच तुटावा. एका मोठ्या माणसाचा ऊस क्रमाने थांबलेला गावाने पाहिला, की दहा ठरावांचे काम होते. आणि त्याने एकदा क्रम मोडला, तर शंभर ठराव वाया जातात.

६) एक वाईट वर्ष निभावून न्यावे. नव्या रीतीची खरी परीक्षा पाऊस कमी पडला, टोळ्या कमी आल्या, भाव उतरला, अशा वर्षी होते. फडवाल्यांनी दुष्काळात एक फड सोडला, पण पाळी सोडली नाही, म्हणून ती रीत इतकी वर्षे टिकली.

यातली एकही गोष्ट खर्चाची नाही. सहावीला मात्र धीर लागतो, आणि तो विकत मिळत नाही. लोणीला सत्तावीस वर्षे लागली, ओझरला चोवीस संस्थांपर्यंत पोचायला दहा वर्षांहून अधिक काळ लागला. आपल्यालाही दोन-चार हंगाम द्यावे लागतील. पहिल्या वर्षी दोघे-तिघेच असतील. त्यांना हसणारेही असतील. त्यांच्या बांधावरून जाताना हसण्याऐवजी एकदा वाकून ते पाचट हातात घेऊन बघावे, खालची माती ओली लागते की नाही तेवढे पाहावे.

आबा आता नाहीत. त्यांचा मुलगा आणि माझा मुलगा अजून एकाच बांधावर शेती करतात. गेल्या वर्षी दोघांनी मिळून ठरवले, ज्याची लागण आधी त्याचा ऊस आधी, कोणी शब्द टाकायचा नाही. त्या वर्षी आमचा ऊस बारा दिवस थांबला. रोज संध्याकाळी रानाकडे बघून जीव तुटायचा, हे खोटे कशाला सांगू? पण आबांच्या घरचा ऊस भरून शेवटचा ट्रॅक्टर निघाला तेव्हा त्यांचा मुलगा स्वतः टोळी घेऊन आमच्या बांधावर आला आणि म्हणाला, "चला काका, आता तुमची पाळी."

यंदा गटसभेला येताना सभासदांनी हात वर करण्याच्या तयारीने येऊ नये. मी स्वतः यंदा काय करणार, हे चौघांत सांगण्याच्या तयारीने यावे, एवढीच विनंती.

— एक ऊस उत्पादक सभासद